दोनशे तेरावी नोंद

५ जून

ती. मावशी,

नमस्कार. साष्टांग घालायला खाली वाकलो तर उठवायला माणूस लागतो, म्हणून उभ्यानेच करतो.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर आलेलं तू वाचत नाहीस, तेव्हा मी दहावीनंतर पहिल्यांदा शाईचं पेन विकत घेतलं. अक्षर बघून हसू नकोस. हसलीस तरी मला इथे ऐकू येणार नाही, म्हणजे आपण दोघं सारखेच.

बातमी अशी की माझी बदली झाली. लसींच्या बाटल्या मोजायचं काम सुटलं. आता मी आरोग्य कार्यालयाच्या आत्महत्या प्रतिबंध विभागात आकडेवारी अधिकारी आहे. सातवीत गणितात ज्याला शून्य मिळालं आणि घरादाराने ज्याला शून्या म्हणायला सुरुवात केली, त्याच्याकडे सरकारने आकडे सोपवले. सरकारवर माझा विश्वास होता, तो जरा कमी झाला.

विभागात आम्ही चौघं. प्रमुख बाई, घरोघर भेटीला जाणाऱ्या दोन नर्स आणि मी. नर्स काम करतात, मी त्यांचं काम मोजतो, आणि डॉक्टरांच्या प्रशिक्षणात पडद्यावरचं वाचूनही दाखवतो. दोन वर्षांपासून डॉक्टरांना प्रशिक्षण, हेल्पलाइन, जीव वाचून घरी गेलेल्या लोकांच्या भेटी, असं बरंच चालू आहे. त्याचा काही उपयोग होतो का, हे मी वर्षाच्या शेवटी सांगायचं. बाईंना भिंतीवर लावायला आलेख हवा आहे, आणि तो उतरता असावा अशी त्यांची इच्छा आहे. मी म्हटलं, बघतो. 'बघतो' म्हणण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

घोळ असा, की आलेख चढतो. आधी वर्षाला साधारण एकसष्ट मृत्यू, आणि गेल्या वर्षी अठ्ठ्याऐंशी. म्हणजे आम्ही वाचवायला निघालो आणि माणसं जास्त गेली. पण गेल्या वर्षापासूनच कारण खरं लिहायचा आदेश निघाला आहे. जुन्या रजिस्टरांत 'अकस्मात' आणि 'कारण अस्पष्ट' यांचा नुसता पाऊस आहे. तू इथल्या मोठ्या रुग्णालयाच्या नोंद विभागात एकतीस वर्षं काढलीस. इतकं अस्पष्ट काय होतं गं तिथे?

तुझा,
शून्या


१६ जून

चि. शून्या,

अनेक आशीर्वाद. त्यातले दोन-तीन अक्षर सुधारायला वापर.

अस्पष्ट काहीच नव्हतं. माझ्याइतकं स्पष्ट अक्षर त्या इमारतीत कुणाचं नव्हतं. डॉक्टर लोक मुंगी शाईत बुडवून कागदावर सोडल्यासारखं लिहायचे आणि मी ते मोत्यांसारखं उतरवून काढायचे. खोटं होतं, पण सुबक होतं.

व्हायचं असं, की खिडकीसमोर घरचं कुणीतरी येऊन उभं राहायचं. बाप, भाऊ, कधी शाळकरी मुलगी. ओरडायचं कुणी नाही. 'बाई, तेवढं लिहू नका,' इतकंच. कुणाच्या मुलीचं लग्न ठरायचं होतं, कुणाला चौकशीची भीती, कुणाला शेजाऱ्यांची. डॉक्टर माझ्याकडे बघायचे, मी टेबलाकडे. मग डॉक्टर म्हणायचे, 'हृदयक्रिया बंद पडून, असं लिहा.' हे वाक्य कधीच खोटं ठरत नाही बघ. प्रत्येकाचीच बंद पडते.

मी फार शूर असल्यासारखं वाटायला नको, म्हणून सांगते, एकदाही नाही म्हटलं नाही. उलट मला वाटायचं, मी किती मायाळू. घरी जाताना मान जरा ताठच असायची.

पण एक केलं. अशा प्रत्येक नोंदीशेजारी, समासात, पेन्सिलने एक ठिपका द्यायचे. कुणासाठी, कशासाठी, ते मलाही ठाऊक नव्हतं. पुढे संगणक आला आणि ठिपका द्यायला समासच उरला नाही. रजिस्टरं तळघरात असतील. भिंग घेऊन जा. पेन्सिल मी फार हलक्या हाताने चालवायचे, भित्र्या माणसांचा हात हलकाच असतो.

गुडघा बरा आहे. म्हणजे दुखतो, पण आता त्याची ओळख झाली आहे.

तुझी,
बहिरी मावशी


२ ऑगस्ट

ती. मावशी,

तुझे ठिपके सापडले. तळघरात पाच आठवडे बसलो. पहिल्या दिवशी डासांची विष्ठा आणि तुझे ठिपके यांतला फरक कळेना. दुसऱ्या दिवशी मी एका पानावर सतरा मृत्यू मोजले आणि मग लक्षात आलं की ती पेनाची शाई उडाली होती. चौथ्या दिवसापासून मात्र तुझा हात ओळखू यायला लागला.

तळघरात उरलेल्या अकरा वर्षांच्या रजिस्टरांत दोनशे बारा ठिपके; एकसष्टची सरासरीही त्याच वर्षांची. वर्षाला साधारण एकोणीस. म्हणजे आधीचे एकसष्ट हे एकसष्ट नव्हतेच, ऐंशीच्या आसपास होते, आणि हे फक्त एका रुग्णालयाचं. सत्तावीसने वाढले असं जे दिसत होतं, त्यातली खरी वाढ जेमतेम आठची, आणि एवढा चढउतार नुसत्या योगायोगानेही होतो.

मी हे बैठकीत मांडलं. मोठ्या पडद्यावर, रंगीत. बोलायला उठताना संगणकाची वायर पायात आली आणि पडदा काळा झाला, तेव्हा उरलेलं सगळं हातवारे करून सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, 'म्हणजे आपण बरं करतोय की वाईट?' मी म्हटलं, एका वर्षाच्या आकड्यांवरून सांगता येत नाही. त्या म्हणाल्या, 'मग तुम्ही कशाला आहात?' या प्रश्नाचं उत्तर अजून शोधतो आहे. मिळालं की तुलाही कळवीन.

पण त्या वाईट नाहीत. नंतर चहाच्या वेळी स्वतःच म्हणाल्या, मृत्यूंचा आकडा हलायला वर्षं लागतात, तोवर आपल्या हातात काय आहे ते मोजा. मग थोरल्या नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, माणूस वाचतो, घरी जातो, आणि पहिल्या आठवड्यात त्याच्या दारात कुणी जात नाही, तिथेच सगळं हुकतं. मोजलं. शंभरातल्या चौदा जणांनाच पहिल्या सात दिवसांत आमच्याकडून कुणी भेटलं होतं. चौदा. हा आकडा काढायला भिंग लागलं नाही, नुसती लाज लागली.

दोनशे बारा मात्र पक्के. तीनदा मोजले.

तुझा,
शून्या


११ ऑगस्ट

चि. शून्या,

पत्र मिळालं. डासांबद्दल वाचून हसले. शेजारचे दार उघडून बघायला आले, म्हणजे मोठ्यानेच हसले असणार.

चौदाचं वाचून मात्र आमचंच आठवलं. जिवंत माणूस दाराबाहेर गेला की आमचंही रजिस्टर मिटायचं. घरी गेला, सुटला, एवढंच.

तुझी मोजणी बरोबर असेल, तू तीनदा मोजलंस म्हणतोस. पण आकडा बरोबर नाही. एक राहिलाय. दोनशे तेरा कर.

इथे वरच्या मजल्यावर पाइप फुटला होता. माझ्या डोक्यावर थेंब पडेपर्यंत मला पत्ता नव्हता. बाकी ठीक.

मावशी


१९ ऑगस्ट

ती. मावशी,

कार्यालय आपले आभारी आहे. तथापि पुराव्याशिवाय आकडा बदलण्याची तरतूद नसल्याने अर्जदाराने रजिस्टर क्रमांक, पान व दिनांक सादर करावा. अन्यथा दोनशे बारा हाच आकडा अंतिम समजण्यात येईल.

थट्टा सोड. तुला वाटतंय की एक राहिला, पण मी प्रत्येक पान उलटून बघितलंय. इतक्या वर्षांनी तुझ्या आठवणीपेक्षा माझ्या मोजणीवर विश्वास ठेव. आयुष्यात पहिल्यांदाच माझं गणित बरोबर आलंय, त्यातही मार्क कापू नकोस.

पाइप दुरुस्त झाला का?

शून्या


२४ ऑगस्ट

शून्या,

रजिस्टर क्रमांक सहा. पान एकशे अठरा. वरून तिसरी ओळ. अक्षर माझं नाही, मी त्या दिवशी कामावर नव्हते.

पुढच्या महिन्यात कामावर गेले तेव्हा पेन्सिल घेऊन ते पान उघडलं होतं. मग पेन्सिल खाली ठेवली.

लोकांच्या घरचं मी सगळं टिपलं, आणि माझ्या घरचं, ह्यांचं, तेवढं कोरं ठेवलं. एकोणीस वर्षं सगळ्यांना हृदयविकार म्हणून सांगितलं. तुझ्या आईलाही.

पाइप दुरुस्त झाला.


३ सप्टेंबर

ती. मावशी,

काल तुझ्याकडून परत आलो. समोर असताना बोलता आलं नाही, आता लिहितो. आपल्या घराण्याची रीत उलटीच आहे.

पत्र मिळालं त्या दुपारी मी तळघरात गेलो. सहावं रजिस्टर, एकशे अठरावं पान. ते पान मी जूनमध्ये पाहिलं होतं. काकांचं नाव वाचलं होतं, क्षणभर थांबलोही होतो, आणि शेजारी ठिपका नाही म्हणून बरं वाटून पान उलटलं होतं. मग तुला ते अर्जदाराचं पत्र लिहिलं. मावशी, मी कार्यालयात लोकांना शिकवतो की माणूस कधी सरळ सांगत नाही, आडून सांगतो, तेव्हा कान द्या. तू आडूनसुद्धा नाही, आकड्यात सांगितलंस, माझ्या भाषेत, आणि मी तुझ्याकडे पुरावा मागितला. आपल्यात बहिरं कोण, याचा निकाल लागला.

तुझ्या स्वयंपाकघरात बसल्यावर तुला ऐकू जाईल असं ओरडून विचारणं मला जमेना. तो ओरडून विचारायचा प्रश्न नव्हता. म्हणून वीजबिलाच्या मागे लिहिलं, तुलाही कधी जीव द्यावासा वाटला का, आणि आता वाटतो का. का विचारलं ते तेव्हा सांगायचं राहिलं. आम्हाला प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी हे सांगतात, सरळ विचारा, विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला सुटल्यासारखं वाटतं. मी हे तीसेक डॉक्टरांना शिकवलंय. स्वतः पहिल्यांदाच विचारलं.

तू खाली लिहिलंस, 'एकदा, त्याच वर्षी. तुझी आई आठवडाभर येऊन राहिली. तिला माहीत नव्हतं काही, पण ती जाता जाईना. आता नाही. आता गुडघ्यातून सवड मिळत नाही.' तो कागद मी खिशात घालून आणला आहे. बिल तुला पुन्हा मागून घ्यावं लागेल, माफ कर.

आकडा दुरुस्त केला आहे. दोनशे तेरा.

शून्या


२० ऑक्टोबर

ती. मावशी,

एक काम आहे तुझ्याकडे. नाही म्हणालीस तर चालेल, पण म्हणू नकोस.

नर्स दोनच आहेत, घरं फार. बाईंनी ठरवलं की रुग्णालयातून घरी गेलेल्या माणसाला, त्याची हरकत नसेल तर, दर महिन्याला एक पत्र पाठवायचं. नुसती विचारपूस. मसुदा मी केला. तो असा: 'सदर पत्राद्वारे आपणांस कळविण्यात येते की, या विभागास आपली काळजी आहे.'

थोरल्या नर्सबाई वाचून इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. बाई हसल्या नाहीत, त्या म्हणाल्या, 'हे पत्र मला आलं तर मी वकील करीन.'

तुझं अक्षर आहे. आणि लोक खिडकीशी येऊन काय बोलायचे ते तुला पाठ आहे.

शून्या


२ नोव्हेंबर

चि. शून्या,

तुझा मसुदा मी जपून ठेवला आहे, उदास वाटलं की वाचते.

मी असं लिहीन: 'तुम्हाला घरी जाऊन महिना झाला. कसं चाललंय, झोप लागते का, असं मनात आलं म्हणून लिहिते. उत्तर द्यायलाच हवं असं नाही. बोलावंसं वाटलं तर खाली नर्सबाईंचा नंबर आहे, कधीही करा. पुढच्या महिन्यात मी पुन्हा लिहीनच.'

एवढंच. जास्त लिहिलं तर उपदेश होतो, आणि उपदेश करायला मी कोण, एकतीस वर्षं खोटं लिहिलेली बाई.

पाकिटं पाठव. तिकिटं आधीच लावून पाठव, माझी जीभ आता तेवढी ओली राहत नाही.

मावशी


९ मार्च

ती. मावशी,

अहवाल गेला. वर्षभराच्या मेहनतीचा निष्कर्ष माझ्या लेखी असा: 'मृत्यूंची संख्या कमी झाली का, हे आज खात्रीने सांगता येत नाही.' आकडा या वेळी एक्याऐंशी आला. बाई खूश होऊन आलेख मागायला आल्या. मी म्हटलं, गेल्या वर्षीचे आठ जास्त हे योगायोग असू शकतात, तर यंदाचे सात कमीही असू शकतात. वाढ झाली की योगायोग आणि घट झाली की आपलं यश, असं करता येणार नाही. मला वाटलं, चाललो परत लसींच्या बाटल्यांकडे.

त्यांनी सही केली. आणि पेनाचं टोपण लावताना म्हणाल्या, 'जुन्या आकड्यांखालची तळटीप काढू नका.' त्या टिपेत असं लिहिलं आहे, की पूर्वीच्या नोंदी घरच्यांच्या विनंतीवरून बदलल्या जात, आणि हे त्या काळच्या नोंद लिपिक बाईंनी स्वतःहून कळवलं. तुझं नाव घातलेलं नाही, तू म्हणाली होतीस तसंच.

जे सांगता येतं ते असं. पहिल्या सात दिवसांत भेट किंवा फोन, शंभरात चौदा होते, ते एकाहत्तर झाले. घरी जाऊन सहा महिन्यांत त्याच कारणाने पुन्हा दाखल झालेले शंभरात सोळा होते, यंदा अकरा. यात पत्रांचा वाटा किती, नर्सबाईंच्या पायपिटीचा किती, मला वेगळं काढता आलं नाही. अजून दोन-तीन वर्षं मोजावं लागेल. थोडक्यात, तुझ्या भाच्याला पुन्हा शून्य मिळालं, पण या वेळी बाईंनी सही करून दिलं.

पत्रं चालू ठेवशील ना?

शून्या


२१ मार्च

चि. शून्या,

आधी गुन्हा कबूल करते. पाकिटाच्या मागे तुमच्या कार्यालयाचा पत्ता लिहायचा होता. मी सवयीने माझाच लिहीत आले. आता तुझ्या बाईंना सांग आणि काय शिक्षा ते कळव.

त्यामुळे झालं असं, की गेल्या गुरुवारी दुपारी दारात एक बाई उभी. चाळिशीची, हातात माझी चार पत्रं. शिवणकाम करते म्हणाली. ती हळू बोलते, मी तिच्या ओठांकडे बघत होते. मला वाटलं, आभार मानायला आली. मी चेहरा तसा करून बसले. ती म्हणाली, तिसऱ्या आणि चौथ्या पत्रात तेच तेच वाक्य आहे, छापील असेल असं वाटलं, म्हणून माणूस आहे की यंत्र ते बघायला आले.

मी खजील झाले. म्हटलं, माणूसच आहे, पण म्हातारं, त्याला दुसरं वाक्य सुचत नाही. तेव्हा ती हसली आणि आत आली.

चहा झाला. तिने विचारलं, तुम्ही हे का करता. मी नर्सबाईंचं, तुझं, कार्यालयाचं सांगू लागले, आणि मध्येच काय झालं कोण जाणे, ह्यांचं सांगितलं. सगळं. एकोणीस वर्षांत तोंडाने पहिल्यांदा. तिने माझा हात धरून ठेवला होता. आणि शून्या, बहिऱ्या माणसाला स्वतःच्या आवाजाचा अंदाज नसतो. दार उघडं होतं. जे मी सख्ख्या बहिणीपासून लपवलं, ते एका दुपारी तिन्ही मजल्यांना ऐकवलं.

बाई गेली. पुढच्या महिन्यात नवं वाक्य पाठवा म्हणाली. मी तोंड लपवून आत बसले होते, तोच खालच्या मजल्यावरचे शिक्षक आले, तेच, जे जिन्यात भेटले की नुसती मान हलवतात. त्यांचे ओठ मिशीत दडलेले, मला काही कळेना. त्यांना पुन्हा सांगायला लावलं. ते म्हणाले, 'माझ्या धाकट्या भावाचं तसंच झालं. आम्हीही अपघात म्हणतो.'

मी एवढंच विचारलं, कसा होता तो. त्यांनी जरा विचार केला. म्हणाले, फुटबॉलमध्ये गोलरक्षक होता, आणि फार वाईट होता, चेंडू आला की डोळे मिटायचा. हे सांगताना ते हसले आणि मग चष्मा पुसत बसले.

मग मी त्यांना सांगितलं, की आमचे हे शाळेत भूगोल शिकवायचे आणि घरी येताना रस्ता चुकायचे. दोनदा तर शेजारच्याच गल्लीतून लोकांनी आणून सोडलं. ते कसे गेले हे लपवता लपवता, ते कसे होते हेही मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

तुझ्या आईला मी रविवारी पत्र लिहिते आहे. तू आधी काही बोलू नकोस.

तुझी,
मावशी